वस्तादांच्या हातचा पेला

कस्तुरी आली ती भर दुपारी, आणि थेट दुधाच्या व्हे पावडरीच्या पोत्यावर जाऊन बसली.

शिरोलीच्या एमआयडीसीतला आमचा भाड्याचा गाळा. वर पत्रा, त्यामुळे आत भट्टी लागलेली. मी डबे सील करत होते आणि संग्राम, म्हणजे माझा नवरा, मिक्सरचं भांडं धूत होता. भिजल्या हातानंच त्यानं तिला विचारलं, "काय गं, पेढे कुठायत?"

पेढ्यांची वाट आम्ही सगळेच बघत होतो. कस्तुरी मगदूम ही माझ्या सासऱ्यांची पट्टशिष्या. हरियाणात निवड चाचणी झाली, तिथे तिनं नावाजलेल्या मुलीला चीत केलं होतं. आता आशियाई स्पर्धेच्या संघात तिचं नाव जाहीर व्हायचं तेवढं राहिलं होतं. गाळ्यातल्या प्रत्येक डब्यावर तिचाच फोटो होता, शड्डू ठोकणारा. त्याच्या मागे माझ्या सासऱ्यांचा, मिशीला पीळ दिलेला. खाली लाल अक्षरांत आमच्या प्रोटीन पावडरीचं नाव: लालमाती.

तिनं फोन माझ्यापुढे धरला. "वहिनी, तुम्ही वाचा. मला कळलंय, पर तुम्ही वाचा."

मी वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"काय लिहिलंय?" संग्राम म्हणाला.

"उत्तेजक चाचणीत दोषी. कुस्ती बंद करायला सांगितलीय. दिल्लीहून खुलासा मागितलाय."

"कशात दोषी? स्टेरॉईड?"

"मॉर्फिन."

संग्रामला ते नाव माहीत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यालाही दिलं होतं ते, दुखणं मरावं म्हणून. त्याच गुडघ्यानं त्याची कुस्ती संपवली. आमचा धंदासुद्धा त्या गुडघ्यातूनच निघाला. तालमीतल्या पोरांना निदान खाणं तरी शास्त्रशुद्ध मिळावं, म्हणून अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. मी अन्नतंत्रज्ञान शिकलेली, मिरजेहून या पैलवानांच्या घरात येऊन पडलेली. मला ते खूळ आवडलं. जे काही होतं नव्हतं ते आम्ही त्या गाळ्यात घातलं.

"तृप्ती," तो हळूच म्हणाला, "आपल्या मालात तर..."

"नाही," मी म्हणाले. "आपल्या मालात काय आहे ते मला झोपेत विचारा."

मग मी कस्तुरीकडे वळले. "चाचणीच्या वेळी आधी काय काय खाल्लंय ते विचारतात. तू काय सांगितलंस?"

"लालमाती."

"आणखी?"

"आणखी काय बी न्हाई."

हे ती जमिनीकडे बघत म्हणाली. समोरच्या मुलीच्या डोळ्यात डोळा घालून उभी राहणारी पोर ती. ती जमिनीकडे बघत बोलली तेव्हाच मी ओळखलं, आणखी काहीतरी आहे.

आता मागचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लालमाती कशावरून काढली म्हणाल, तर माझ्या सासऱ्यांच्या थंडाईवरून. केरबा वस्ताद म्हटलं की आजही आमच्या भागात माणसं कानाची पाळी धरतात. दगडी कुंडीत कडुनिंबाच्या दांड्यानं ते स्वतः थंडाई घोटायचे. बदाम, मगज, बडीशेप, मिरी, वेलदोडे, गुलाबकळी आणि खसखस. गावातल्या बायका म्हणायच्या, वस्तादांनी बायकोला कधी चहा करून दिला नाही, पण पोरांसाठी थंडाई घोटताना तासन्‌तास मांडी मोडत नाहीत. थोरल्या बायकांचं बोलणं, त्यात तिखट असणारच; पण खोटं नव्हतं.

पावडर बनवताना त्या थंडाईतलं सगळं मी घेतलं, खसखस तेवढी काढली.

आबांनी पहिला डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "सूनबाई, खसखस कुठाय?"

"घातली नाही, आबा."

"का? महाग पडती व्हय?"

"अफूच्या बोंडातलंच बी ते. धुतलेलं नसलं तर चीक लागून राहतो. नशा होत नाही, पण खेळाडूच्या तपासणीत सापडतो."

आबा खदखदून हसले. तालमीतली चार पोरं होती तीही हसली. "चाळीस वर्सं पाजतोय पोरांस्नी. एक तरी अफूबाज निघाला का रं? खसखशीबिगर थंडाई म्हंजे मिठाबिगर आमटी. करा, करा. तुमची ती डब्यातली भुकटी, तिला काय बी चालतंय."

मनाला लागलं, पण मी खसखस घातली नाही. त्यांनीही फोटो छापायला नाही म्हटलं नाही. डबा हातात धरून लांबून जवळून बघायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे, "पोराचा उद्योग. मिशी जरा बारीक आलीया."

आणखी एक गोष्ट. आमच्या तालमीत एक रीत होती. पोर बाहेरच्या मोठ्या कुस्तीला उभं राहणार असलं की वस्ताद स्वतःच्या हातानं त्याला पितळी पेला द्यायचे. पोरानं तो डोळे मिटून एका दमात प्यायचा, रिकामा पेला कपाळाला लावायचा आणि पाया पडायचं. आत काय आहे विचारायचं नाही. नको म्हणणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. देवळातल्या तीर्थाला कुणी काय घातलंय म्हणून विचारतं का?

म्हणून काय खाल्लं असं कुणी विचारलं, तर त्या यादीत पेला येतच नव्हता. कस्तुरी हरियाणात खोटं बोलली नव्हती. पेला तिला आठवलाच नव्हता. आता मात्र आठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गाळ्यावर आले. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, हातात काठी. त्यांना एवढंच कळलं होतं की पोरगी चाचणीत नापास झाली आणि तिथे तिनं लालमातीचं नाव दिलंय. रचलेल्या डब्यांवर त्यांनी काठी मारली, ते घरंगळत रस्त्यापर्यंत गेले.

"पोरीचा गळा कापलासा!" ते ओरडले. शेजारच्या फाउंड्रीतली माणसं बाहेर आली. "माझ्या नावावर, माझ्या मिशीवर इकलंसा हे इख! संग्र्या, तुला लाज न्हाई? आन्‌ तू सूनबाई, तू शिकल्याली हैस न्हवं?"

संग्राम मान खाली घालून उभा होता. मी तोंड उघडलं, तर त्यानं माझं मनगट धरलं. असं धरलं की मी गप्प बसले.

"बापाशिवाय वाढलेली पोर ती," आबांचा आवाज फुटला. "मी आनली तिला मातीत. सारा गाव उठला हुता, तालमीत बाई नगं म्हणून. मी म्हणालो, माती बाई-बापई बघत न्हाई, पाठ कुणाची टेकली तेवढं बघती. आता काय सांगू मी लोकांस्नी?"

ते रडत होते. वस्तादांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे सवय झाली.

त्या दिवशी तालमीच्या दारात पोरांनी लालमातीचे डबे जाळले. आठवड्याच्या आत दुकानदारांचा माल परत यायला लागला. सांगलीतून आला, इचलकरंजीतून आला. डबे ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आम्ही ते गाळ्याबाहेर ताडपत्रीखाली ठेवले.

"तुम्ही माझं मनगट का धरलंत?" मी संग्रामला विचारलं.

तो परत आलेल्या डब्यांवर बसला होता. "कारण तू काय बोलणार ते मला ठाऊक होतं."

"म्हणजे तुम्हालाही कळलंय."

"थंडाईची कोरडी पूड आबांनी डबीत भरली. ती डबी त्यांच्या पिशवीत मीच ठेवली, कस्तुरीला घेऊन हरियाणाला निघाले तेव्हा, स्टेशनवर जाताना." तो थांबला. "म्हणाले, पोरीची आयुष्यातली मोठी कुस्ती हाय, यावेळी खसखस दुप्पट घातलीया. मला काही वाटलं नाही, तृप्ती. मीही तोच पेला पिऊन वाढलो."

"मग सांगा ना त्यांना."

"नाही."

"अहो, आपलं सगळं बुडतंय."

"बुडू दे. धंदा परत उभा करता येतो. बाप नाही येत करता." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त कठीण वाटला. "त्यांना कळलं की आपल्याच हातानं पोरीचा घात झाला, तर जगायचे नाहीत ते. तुला ते कळायचं नाही. तू त्या मातीतली नाहीस."

"आणि कस्तुरी?"

तो उठून ताडपत्री नीट करायला लागला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर दुसऱ्याची लेक उभी.

मी कस्तुरीच्या घरी गेले. ती दारातल्या यंत्रावर म्हशींसाठी कडबा तोडत होती. तालमीत यायला तिला बंदी होती, तर ती ताकद त्या चाकावर काढत होती. तिच्या आईनं मला बसायला पोतं टाकलं आणि आत निघून गेली. चहा आला नाही. आमच्या हातचं खाऊन तिची पोर बुडाली होती. तिनं तरी का करावा?

"खुलाशात काय लिहिणार आहेस?" मी विचारलं.

"लालमाती खाल्लो, म्हणून लिहिणार." कोल्हापूरकडच्या मुली स्वतःला असंच बोलतात, पुरुषासारखं. मला पहिल्यापासून ते ऐकायला आवडायचं. त्या दिवशी नाही आवडलं.

"ते सीलबंद डबा मागवून तपासतील. तो स्वच्छ निघेल. मग तू खोटी ठरशील आणि पुरी चार वर्षं घरी बसवतील. चार वर्षांनी कोण पुसणार आहे तुला?"

ती चाक फिरवत राहिली.

"कस्तुरी, पेला प्यालीस ना?"

चाक थांबलं. तिनं मागे वळून आई ऐकत नाही ना ते पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमचा धंदा बुडालाय म्हणून आलाय व्हय?"

"त्यासाठीही आलेय. खोटं कशाला बोलू?"

तिला ते आवडलं असावं. ती खाली, माझ्याजवळ बसली. "मला वस्तादांनी पोरीवानी न्हाई, पोरावानी न्हाई, पैलवानावानी वाढवलं. माझ्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता कागदावर लिहू, की वस्तादांनी मला अफू पाजली? पेपरात येईल. तालमीवर दगड पडतील. मी चार वर्सं घरी बसतो, वहिनी. पर त्यांचं नाव मी घेणार न्हाई."

"आणि आमचं घेणार."

"तुम्ही मला माफ करशीला," ती म्हणाली. "ते सोताला करणार न्हाईत."

एवढ्या लहान वयात एवढं कळत होतं तिला. घरी येताना मला तिचा राग यायला हवा होता, पण आला तो आबांचा. मग वाटलं, त्या म्हाताऱ्यानं तरी काय केलं? प्रेम दुप्पट घातलं, एवढंच.

आणि कुणाचं चुकलंच नाही म्हणून गप्प बसायचं, तर कस्तुरी जाणार होती. संग्रामला बाप वाचवायचा होता, कस्तुरीला वस्ताद. तिला वाचवणारं कुणी नव्हतं. मी त्या मातीतली नव्हते, हे संग्राम म्हणाला ते खरंच होतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी आधी शहरात जाऊन औषधांच्या दुकानातून दोन तपासणी पट्ट्या आणल्या. पट्टी लघवीत बुडवायची. माणूस स्वच्छ असेल तर दोन रेघा उठतात. अंगात अफूचा अंश असेल तर एकच उठते. नुसत्या तोंडच्या शब्दावर आबांनी विश्वास ठेवला नसता. मागे हसले होते तसे हसले असते.

घरी येऊन आधी मी स्वतःला तपासलं. दोन रेघा. मग मी तालमीत गेले. उन्हं कलायला लागली होती. आखाड्यात कुणी नव्हतं, तांबडी माती नुसतीच खोऱ्यानं उकरून ठेवलेली. आबा कट्ट्यावर बसून होते.

"आबा, मला एक पेला थंडाई द्याल?"

त्यांनी मान वर केली. भांडण झाल्यापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. या घरात आल्यापासून मी त्यांच्याकडे कधी काही मागितलंही नव्हतं. ते बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला ते बघवेना.

"थंडाई? तू? आज कशी काय आठवण झाली?"

"सगळ्यांना दिलीत. मला कधीच दिली नाही."

"मागितलीस कवा?" म्हणत ते उठले. कुंडी ओढली. खसखस मूठ भरून टाकली, माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक मूठ टाकली. "सुनंला हातचं राखून दिलं म्हणायला नगं." दांडा फिरायला लागला. घोटता घोटता ते बोलत होते. सासूबाई गेल्यापासून घरात कुणाशी बोलणंच होत नाही, म्हणाले. त्या दिवशी काठी उगारली ते चुकलं, म्हणाले. "तुझा काय दोस, सूनबाई? माल कुठनं कुठनं येतोय, त्यात कुनी काय मिसळलं, तुला तरी काय ठावं?"

त्यांनी मला माफ केलं होतं. माझा न झालेला गुन्हा माफ करून ते मला थंडाई घोटत होते.

पितळी पेला त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. मी डोळे मिटून एका दमात प्याले, पेला कपाळाला लावला आणि पाया पडले. खरं सांगते, तसली चव मला माझ्या डब्यात कधीच आणता आली नाही. ती त्या एका जिनसाची चव होती.

"कशी झालीया?"

"झकास, आबा."

मी तिथेच बसून राहिले. मला लगेच उठवेनाही. ते जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगत होते, मी ऐकत होते, हसतही होते. दिवस मावळायला आला तेव्हा मी मागच्या न्हाणीघरात गेले. पट्टी बुडवली आणि मनातल्या मनात म्हणाले, उठ. दुसरी रेघ उठ. मी इतकी शिकलेली, पण खोटी ठरू दे मला.

दुसरी रेघ उठली नाही.

बाहेर आले. सासऱ्यांपुढे असली गोष्ट काढायची म्हणजे आमच्यात काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. मी पदराआडून पट्ट्या काढल्या आणि दोन्ही त्यांच्यासमोर कट्ट्यावर ठेवल्या.

"आबा, दुपारी माझ्यात काही नव्हतं, ही ती पट्टी. आणि ही आताची. कस्तुरीत जे सापडलं तेच आता माझ्यात सापडलंय. मी सकाळपासून लालमातीला हात लावलेला नाही. फक्त तुमचा पेला प्याले."

त्यांनी वाकून दोन्ही पट्ट्या पाहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांना अजून थंडाई लागलेली होती.

"खसखस?" ते म्हणाले.

"हो."

"तू बोलली हुतीस मागं. मी हसलो."

मी पट्ट्या परत पदराआड घेतल्या.

"पोरीला ठावं हाय?"

"ठाऊक आहे. म्हणूनच ती तुमचं नाव घेत नाही. चार वर्षं घरी बसते म्हणाली, पण नाव घेणार नाही."

इतका वेळ ते ताठ बसले होते. हे ऐकल्यावर मात्र खांदे खाली आले. पैलवान चीत होताना आधी खांदे जातात, असं संग्राम सांगायचा.

"म्हंजे पोर माझ्यापायी मराय निघालीया," ते म्हणाले. "आन्‌ मी गावभर तुमच्या नावानं बोंबलत हिंडतोय." धोतराच्या सोग्याला त्यांनी हात पुसले, परत परत पुसले. "दिल्लीचं तिकीट काढ, सूनबाई. मी येतो."

दिल्लीत सुनावणीची थंडगार खोली होती. टेबलामागे तीन माणसं. आबा फेटा बांधून गेले होते. कस्तुरी माझ्या शेजारी बसली होती. वस्ताद येणार हे कळल्यापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. त्या तिघांत एक डॉक्टरीण होती. तिनं हिंदीत विचारलं, "आपने क्या दिया इसे?"

"थंडाई दिया," आबा म्हणाले. त्यांचं हिंदी कोल्हापुरी. "खसखस डाल के दिया. हमारे हात से दिया. पावडर में कुछ नहीं था. पोरी में कुछ नहीं था. हमारे पेले में था."

"खिलाड़ी को मना करना चाहिए था. पूछना चाहिए था, क्या है इसमें."

आबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मना?" ते म्हणाले. "मना कैसा करेगी बाई? वस्ताद का पेला है."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. कस्तुरीनं तोंडात ओढणी कोंबली होती.

चार वर्षांचं एक वर्षावर आलं. आशियाई स्पर्धा गेलीच. त्या वर्षानंतर कस्तुरी परत उतरली, राज्यात जिंकली, पण हरियाणात दिसली होती ती कस्तुरी परत कुणाला दिसली नाही. आता ती चंदगडला असते, मुलींची तालीम चालवते. तिथे मुली पाणी घरून आणतात, बाटलीचं झाकण स्वतः उघडतात. ती त्यांना पहिल्या दिवशी सांगते, "कुनाच्या हातचं काय बी प्यायचं न्हाई. माझ्या बी."

लालमाती मात्र वाढली. सीलबंद डबा स्वच्छ निघाला, ते सगळीकडे झालं, आणि ज्या दुकानदारांनी माल परत केला होता तेच रांगेत आले. आज कागलला आमचा स्वतःचा कारखाना आहे. डब्यावर छापलेलं असतं, 'प्रत्येक खेप तपासलेली'. लोक ते वाचून घेतात. आबांचा फोटो मात्र डब्यावर नाही. दिल्लीहून आल्यावर त्यांनी एवढंच मागितलं, "माझं चित्तर काढा त्याच्यावरनं." गावात म्हणायचे, केरबा वस्तादांची पाठ कुणी टेकवली नाही, ती सुनेनं टेकवली.

संग्राम एकदा म्हणाला, "तू बरोबर केलंस. पण ते तू करायला नको होतं." मग कुणी करायला हवं होतं, हे मी त्याला विचारलं नाही.

आबा तालमीत जायचे थांबले. कुंडी त्यांनी स्वतः उचलून पंचगंगेत टाकली. घरी ओसरीवर बसून असायचे. मी चहा नेऊन दिला की कपाकडे बघायचे आणि विचारायचे, "सूनबाई, तपासून दिलायस न्हवं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. तेही हसले. मग रोज विचारायला लागले. चहाला, ताकाला, पाण्याला. "तपासलंय, आबा," म्हटल्याशिवाय तोंडाला लावेनात. आधी मला वाटायचं, टोमणा मारतात. पुढे त्यांच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं की टोमणा नाही. कुणाच्याही हातानं काहीही होऊ शकतं, हे त्यांना म्हातारपणी कळलं होतं. मी कळवलं होतं.

शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा कस्तुरी चंदगडहून आली. आता फार वेळ नाही असं डॉक्टर सांगून गेले होते. तिनं फळीवरचा तो पितळी पेला काढला, घासून लख्ख केला आणि पाणी भरून आणलं. त्यांच्या मानेखाली हात घातला, पेला दोन्ही हातांनी ओठांशी धरला. "वस्ताद," ती म्हणाली, "एक घोट घ्या. माझ्या हातनं."

त्यांनी तिला ओळखलं. डोळे भरून आले. पण ओठ घट्ट मिटलेले. तिनं पुन्हा म्हटलं, पेल्यातलं पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळलं, तरी ओठ उघडेनात. त्यांनी सावकाश मान वळवली आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

कस्तुरीनंही माझ्याकडे पाहिलं.

"तपासलंय, आबा," मी म्हणाले. "प्या."

मग ते प्याले.